अपील केलं म्हणून शिक्षा वाढली काय ओ?

वकीलताई, नमस्कार. आमचं गाव मोहोळ तालुक्यात. २०१९ ला बांधावरच्या पाईपलाईनीवरनं भांडण झालं आणि माझ्या धाकट्या भावानं शेजाऱ्याला कुऱ्हाड मारली, त्याच्या हाताचं हाड मोडलं. सोलापूरच्या सेशन्स कोर्टानं २०२३ मध्ये कलम ३२६ खाली (घातक हत्यारानं गंभीर दुखापत) ४ वर्षं सक्तमजुरी आणि १० हजार दंड दिला. दंड आम्ही भरला. मग मुंबईला हायकोर्टात अपील केलं, तिथनं भावाला जामीन मिळाला. २०२५ च्या जूनमध्ये हायकोर्ट म्हणालं, दोषी धरलंय ते बरोबर आहे पण शिक्षा देताना आरोपीचं म्हणणं ऐकलंच नाही, निकाल आणि शिक्षा दोन्ही पाच मिनिटात उरकलं, म्हणून ती शिक्षा रद्द आणि फक्त शिक्षेपुरती केस परत सोलापूरला. आम्हाला वाटलं आता कमी होणार. मागच्या महिन्यात नवीन जजसाहेबांनी ६ वर्षं दिली आणि दंड २५ हजार! भावाला तिथनंच आत नेलं. गावात लोकं म्हणायलेत गप बसला असता तर ४ वर बरं होतं, अपील करायला कुणी सांगितलं होतं. परत अपील होतं का, मुंबईला करायचं का, किती दिवसात, आणि परत केलं की अजून वाढणार का? आमची भावजय तर आता कोर्ट म्हटलं की कानावर हात ठेवते.

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. गावातल्या लोकांना आधी एवढंच सांगा की अपील करणं हा गुन्हा नाही आणि अपील केलं म्हणून शिक्षा वाढवायची असा कायदाही नाही, उलट कायदा याच्या बरोब्बर विरुद्ध आहे आणि तोच तुमचा सगळ्यात मोठा मुद्दा आहे. त्यावर येते, पण आधी तारखा, कारण तारीख हुकली तर मुद्दा कितीही भारी असला तरी फायलीत पडून राहतो.

नवीन शिक्षेची जी ऑर्डर झाली ती स्वतंत्र ऑर्डर आहे, तिच्यावर नवीन अपील होतं. सेशन्स कोर्टानं शिक्षा दिलीय म्हणजे अपील हायकोर्टातच, ६ वर्षं असो की ६ महिने. मुदत ६० दिवस, आणि ते दिवस नवीन शिक्षेच्या तारखेपासून मोजायचे, जूनमधल्या हायकोर्टाच्या तारखेपासून नाही, पहिल्या निकालापासून तर नाहीच नाही. सर्टिफाइड नक्कल मिळायला जे दिवस लागतात ते ६० मधनं वजा होतात, शेवटचा दिवस कोर्टाच्या सुट्टीत आला तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल केलं तरी चालतं. पण असल्या सवलतींच्या भरवशावर बसू नका. आरोपीला तुरुंगवासाची शिक्षा झाली की जजमेंटची एक प्रत त्याला फुकट आणि लगेच द्यायची असते, तुमच्या भावाला ती मिळाली असणार, त्याच्याकडंच असेल. जेलमध्ये भेटायला जाल तेव्हा मागून घ्या आणि झेरॉक्स काढा.

कुठं करायचं? आता मुंबई नाही, कोल्हापूर. १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालंय आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग यांच्याबरोबर आपला सोलापूर जिल्हाही त्यात आहे. पहिलं अपील मुंबईत चाललं होतं म्हणून दुसरंही तिकडंच असा समज बऱ्याच जणांचा आहे, तसं नाही. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघून सकाळी सीएसएमटीला उतरायचं, दिवसभर हायकोर्टाच्या व्हरांड्यात बसायचं, पुढची तारीख घेऊन परत रात्रीची गाडी, हे मी पंधरा-सोळा वर्षं केलंय, पक्षकारांच्या तर जमिनी गेल्या त्यात. कोल्हापूर काय आपल्याला दाराशी नाही, सांगोला-मिरजेवरनं एसटीत बसलं की निम्मा दिवस जातोच, पण मुंबईत मुक्काम करायचा खर्च तरी वाचला. सहा जिल्ह्यातल्या वकिलांनी या बेंचसाठी किती वर्षं आंदोलनं केली ते सोलापूरच्या बाररूममध्ये कुणालाही विचारा, चहा संपेल पण गोष्ट संपणार नाही.

आता मुख्य. तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही आणि मला तीच पहिली पाहिजे : मागच्या वेळी सरकारनं शिक्षा वाढवा म्हणून अपील केलं होतं का? तुमच्या वकिलांना विचारा किंवा हायकोर्टाच्या जजमेंटचं पहिलं पान बघा, तिथं एकच अपील नंबर आहे की दोन. शिक्षा कमी वाटली तर सरकार वेगळं अपील करू शकतं, जुन्या कायद्यात, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत, कलम ३७७, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४१८. ते केलं असेल तर गोष्ट वेगळी. पण तुम्ही लिहिलंय त्यावरनं मला वाटतंय की फक्त तुमचंच अपील होतं. आणि फक्त आरोपीचं अपील असलं की वरचं कोर्ट शिक्षा कमी करेल, आहे तीच ठेवेल, आरोपीला सोडेल, फेरखटला सांगेल, पण वाढवू शकत नाही. हे कायद्यातच लिहिलंय, जुनं ३८६, नवीन ४२७. मग जे हायकोर्टाला स्वतः करता येत नाही ते केस खाली पाठवून खालच्या कोर्टाकडनं कसं होईल? पुढच्या दारानं येऊ दिलं नाही म्हणून मागच्या दारानं? २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टात महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका केसमध्ये जवळजवळ हेच झालं होतं, अपील आरोपीचं, केस शिक्षेसाठी परत खाली, आणि खाली शिक्षा वाढली, तर सुप्रीम कोर्टानं सांगितलं की आरोपीच्याच अपिलात असं करून त्याला आधीपेक्षा वाईट अवस्थेत टाकता येत नाही. वकिलांना म्हणा हा निकाल अपिलाच्या पहिल्या पानावर घ्या.

सरकारी वकील काय म्हणतील तेही ऐकून ठेवा. ते म्हणतील की हायकोर्टाला रिव्हिजनचे, म्हणजे खालच्या कोर्टाची ऑर्डर तपासायचे, स्वतःचे अधिकार आहेत, नोटीस काढून स्वतःहून शिक्षा वाढवता येते, असे जुने निकाल आहेत. आहेत खरे. पण २०२५ मध्येच सुप्रीम कोर्टानं दुसऱ्या एका निकालात, ती केस तामिळनाडूची होती, आरोपीच्या अपिलात हा रिव्हिजनचा अधिकार शिक्षा वाढवायला वापरू नका असं म्हटलंय. शिवाय तुमच्या केसमध्ये हायकोर्टानं वाढवायची नोटीस काढलीच नव्हती, उलट ऐकून घेतलं नाही म्हणून परत पाठवलं होतं. ऐकून घ्यायला पाठवलं आणि ऐकून घेऊन दोन वर्षं जास्त दिली, हे वाचताना मलाच कसंतरी झालं.

म्हणजे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर : सरकारचं वेगळं अपील नसेल तर तुमच्या अपिलात ६ ची ७ होणार नाही. ६ ची ४ व्हायला मात्र चांगली जागा आहे. आणि ४ च्या खाली? तिथं खरी मेहनत आहे.

ही मेहनत म्हणजे काय ते सांगते, कारण इथं आम्ही वकीलच कमी पडतो. दोषी धरल्यावर शिक्षेवर आरोपीचं म्हणणं ऐकायचं असतं, जुनं कलम २३५(२), आता २५८(२). ही फॉर्म्यालिटी नव्हे. १९७६ मध्ये न्यायमूर्ती भगवतींच्या खंडपीठानं याच कारणासाठी शिक्षा रद्द करून केस परत पाठवली होती, आणि त्यांचं म्हणणं होतं की या टप्प्यावर आरोपीची सगळी परिस्थिती कोर्टासमोर आली पाहिजे, लागला तर पुरावाही देता आला पाहिजे. आणि प्रत्यक्षात काय होतं? निकाल लागतो, घरचे रडायला लागतात, वकील उभा राहून म्हणतो साहेब पहिलाच गुन्हा आहे, लहान लेकरं आहेत, दया दाखवावी. झालं. रोजनाम्यात एक ओळ. मी स्वतः ज्युनिअर असताना हे केलंय, एकदा नाही, कितीतरी वेळा, कारण डोक्यात एकच असायचं की केस हरलो, आता उरलंय काय. उरलेलं असतं. माणूस आत ३ वर्षं राहणार की ६ हे त्या पाच मिनिटांत ठरतं आणि त्या पाच मिनिटांसाठी आमच्याकडं एक कागद नसतो.

तुमच्याकडं तो टाईम होता, केस खास त्यासाठीच परत आली होती, मग त्या वेळी काय दाखल केलं? पत्रात काहीच नाही म्हणजे बहुतेक काहीच केलं नाही. आता करा. भावाचं वय, आधीचा एकही गुन्हा नाही याचा पोलिसांकडचा दाखला, आई-वडिलांची आजारपणाची कागदं, मुलांच्या शाळेचे दाखले, सातबारा आणि घरात कसणारा दुसरा कोण आहे ते, जामिनावर बाहेर होता त्या काळात एक तारीख चुकवली नाही की एक तक्रार झाली नाही ते, आणि २०१९ पासून किती वर्षं हे डोक्यावर लटकतंय ते. जेलमधली वागणूक चांगली असेल तर त्याचाही दाखला मागता येतो. हे सगळं अॅफिडेव्हिटवर, नुसतं तोंडी नाही.

जखमी माणसाशी समेट झालाय का? ३२६ हा आपसात मिटणारा गुन्हा नाही, त्यामुळं समेटानं केस संपणार नाही, पण शिक्षा ठरवताना कोर्ट ते बघतं, त्याला नुकसानभरपाई दिली असेल तर जास्तच. मात्र एक सांगते, कृपा करून त्याच्या घरी चार माणसं घेऊन जाऊ नका. त्यानं उद्या दबाव आणला म्हणून अर्ज दिला तर जामीन मिळायच्या आधीच गेला. बोलायचंच असेल तर दोन्ही घरं ज्याला मानतात अशा गावातल्या कुणामार्फत, आणि भरपाईचे पैसे चेकनं किंवा कोर्टात भरून, हातात नाही.

आणि हो, कुणीतरी तुम्हाला प्रोबेशनचं सांगेल. चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडायचा १९५८ चा कायदा आहे, पण ज्या गुन्ह्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते त्याला तो लागू नाही, आणि ३२६ ला जन्मठेपेपर्यंत होऊ शकते, म्हणून तो रस्ता बंद. चांगली बाजू ही की ३२६ ला किमान इतकी द्यायलाच पाहिजे असं काही नाही, त्यामुळं कमी करायला कोर्टाचा हात मोकळा आहे.

एक चूक मात्र करू नका. नवीन अपिलात परत "भावानं मारलंच नाही, साक्षीदार खोटे" हे काढू नका. दोषी धरणं हायकोर्टानं कायम केलंय, तेच हायकोर्ट तो भाग परत उघडणार नाही. त्यासाठी सुप्रीम कोर्टात जायला हायकोर्टाच्या निकालापासून ९० दिवस होते, उशीर माफ करून घेऊन अजूनही जाता येईल म्हणा, पण तुमच्या केसमध्ये मला तिथं पैसा घालण्यासारखं काही दिसत नाही. हे माझं मत झालं. अपील फक्त शिक्षेवर ठेवा, आटोपशीर ठेवा, जज पण मन लावून वाचतात.

अपिलात मागणी करताना वकिलांना आठवण करा की हायकोर्टानंच शिक्षा ठरवावी, परत खाली पाठवू नये. हे शक्य असतं. मानवत खून खटला आपल्या आई-वडिलांच्या पिढीला चांगला आठवतो, त्याच केसमध्ये १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की शिक्षेवर ऐकलं नाही म्हणून प्रत्येक वेळी खाली पाठवलंच पाहिजे असं नाही, वरचं कोर्ट स्वतः ऐकून घेऊन ठरवू शकतं. तुमची केस एकदा खाली-वर होऊन आलीय, आता पुरे. (आमच्यात याला "मॅटर रिमांड झालं" म्हणतात, ते ऐकून एका आजीनं माझ्यासमोर हंबरडा फोडला होता, तिला वाटलं पोरगा परत पोलिसांच्या कोठडीत चालला.)

भाऊ आत आहे त्याचं काय. ३ वर्षांपर्यंतची शिक्षा असेल आणि आरोपी जामिनावर असेल तर शिक्षा देणारं कोर्टच अपिलापुरतं थांबवू शकतं. ६ वर्षं आहेत म्हणून ते झालं नाही, यात सोलापूरच्या कोर्टाची चूक नाही. आता हायकोर्टात अपिलाबरोबरच शिक्षा स्थगिती आणि जामिनाचा अर्ज लावायचा, जुनं ३८९, नवीन ४३०. ठराविक मुदतीची शिक्षा असेल तर असा अर्ज उदारपणे बघावा, नाहीतर अपील ऐकायला येईपर्यंत शिक्षाच भोगून संपते, असं सुप्रीम कोर्टानं १९९९ मध्ये म्हटलंय. मागच्या अपिलात जामीन मिळाला होता आणि त्याचा गैरफायदा घेतला नाही, हे तुमच्या बाजूचं.

आणि दिवस मोजा दादा. खटला चालू असताना जितके दिवस आत होता ते सगळे शिक्षेतनं वजा होतात, त्याला सेट-ऑफ म्हणतात. पहिल्या शिक्षेनंतर जामीन मिळेपर्यंत जे काढले तेही गेले. पण हे जेलच्या वहीत आपोआप नीट लिहिलं जाईल असं धरून चालू नका. केस दोनदा फिरलीय, वॉरंट दुसरं निघालंय, अशात जुने दिवस नवीन वॉरंटवर यायचे राहून जातात, मी बघितलंय. नवीन ऑर्डरमध्ये सेट-ऑफची ओळ आहे का बघा, आणि जेलकडनं किती दिवस भोगले त्याचा दाखला मागा. तसंच १० हजाराची पावती. जुना दंड भरलाय तर नवीन २५ मधनं तो वजा व्हायला पाहिजे, तशी नोंद नसेल तर त्याच सेशन्स कोर्टात साधा अर्ज द्या, त्याला कोल्हापूर लागत नाही.

कलमांचे नंबर जुने घालायचे की नवीन यावर वकिलांत अजून वाद चालतो. तुमचं अपील आता नवीन दाखल होतंय, म्हणून मी असते तर नवीन संहितेचं ४१५ लिहून बाजूला जुनं ३७४ पण लिहिलं असतं. नंबर चुकला म्हणून कुणाचं अपील फेकत नाहीत.

ताई, मी कुंभारीत राहते, विड्या वळते. माझा मुलगा येरवड्याला आहे, सेशन्स कोर्टानं दरोड्याच्या केसमध्ये १० वर्षं दिली त्याला ८ महिने झाले. वकील म्हणाले अपिलाला पन्नास हजार लागतील, माझ्याकडं पाच पण नाहीत. आता मुदत संपली म्हणतात. आता कायच होणार नाही का?

होणार की, मावशी. आधी मुदतीचं. ६० दिवस संपले हे खरं, पण उशीर का झाला ते सांगून माफी मागता येते, आणि आत असलेल्या माणसाकडं पैसा नव्हता, सांगणारं कुणी नव्हतं, हे कोर्टाला समजतं. अजून आठ महिने घालवले तर मात्र समजावणं अवघड होईल.

पन्नास हजार द्यायची गरज नाही. मुलाला पुढच्या मुलाखतीत सांगा की "मला जेलमधनं अपील करायचंय" असं जेलच्या साहेबांना लेखी दे. लिहिता येत नसेल तर तिथं विधी सेवेची, म्हणजे फुकट कायदेशीर मदत देणारी, माणसं येतात, ती लिहून देतात. जेलमधनं दिलेला अर्ज जेलच्या सुपरिंटेंडेंटनं पुढं हायकोर्टात पाठवायचाच असतो, नाही म्हणायचा अधिकार त्यांना नाही. याला जेल अपील म्हणतात, वकील नको, फी नको. वर गेल्यावर त्याला सरकारी खर्चानं वकील मिळतो. तो वकील मिळणं म्हणजे उपकार नाहीत मावशी, जेलमध्ये असलेल्या प्रत्येकाचा तो हक्क आहे, १९८७ च्या विधी सेवा कायद्यात लिहिलंय, तिथं उत्पन्न किती हेही विचारत नाहीत. १९७८ मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्याच एका कैद्याच्या केसमध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगून ठेवलंय की कैद्याला जजमेंटची प्रत फुकट मिळाली पाहिजे आणि अपिलासाठी वकील नसेल तर तो दिला पाहिजे. त्या माणसाला प्रत वेळेत न मिळाल्यानं त्याची कितीतरी वर्षं गेली होती.

तुम्ही इकडं काय करायचं? जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथं जाऊन मुलाचं नाव, केस नंबर, कुठल्या जेलमध्ये आहे एवढं सांगा. येणं जमत नसेल तर १५१०० ला फोन लावा, पैसे पडत नाहीत. विड्या वळायचा एक दिवस बुडेल, तेवढा बुडू द्या. आणि कोर्टाच्या गेटवर कुणी "दहा हजारात सोडवून आणतो" म्हणाला तर त्याला माझं नाव सांगा, पळून जाईल.

जजमेंटची प्रत मुलाकडं नसेल तर ऑफिसात तेही सांगा. वकिलाला सगळ्यात आधी ती लागते.

मॅडम, मी बार्शीचा. आम्ही मार खाल्लेली पार्टी आहोत. माझ्या वडिलांवर कोयत्यानं वार झाला, पोलिसांनी ३०७ लावलं होतं, कोर्टानं ते काढून ३२४ खाली धरलं आणि फक्त १ वर्ष दिलं. वडिलांना अजून हात वर करता येत नाही. शिक्षा वाढवायला आम्ही अपील करू शकतो का? सरकारी वकील म्हणाले तुमचा संबंध नाही.

दादा, वरचं मोहोळचं पत्र आणि तुमचं एकाच आठवड्यात आलं. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवून बसले होते थोडा वेळ.

सरकारी वकिलांचं अर्ध बरोबर आहे. नुसती शिक्षा कमी वाटली म्हणून पीडितानं अपील करायचा हक्क कायद्यात नाही, सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये ते स्पष्ट केलंय, तो अधिकार सरकारचा. पण तुमची तक्रार खरं तर शिक्षेची नाहीच. नीट बघा : लावलं होतं खुनाचा प्रयत्न, धरलं साध्या दुखापतीचं. याला कायद्यात "कमी गुन्ह्यासाठी दोषी धरणं" म्हणतात आणि त्याच्याविरुद्ध पीडिताला स्वतःच्या नावानं अपील करता येतं, जुनं ३७२, आता ४१३. नुकसानभरपाई कमी मिळाली तरीही करता येतं. सेशन्सचा निकाल असेल तर तुमचंही अपील कोल्हापूरलाच. ३२४ ला जास्तीत जास्त ३ वर्षंच होती, म्हणून १ वर्षावर भांडून तसंही फार काही हाती लागलं नसतं. गुन्हा ३०७ किंवा निदान ३२६ ठरला तर शिक्षेचं गणितच बदलतं.

म्हणून अपिलात भर द्यायचा तो मेडिकलवर. वार कुठं, किती खोल, हत्यार कोणतं, हाताला आज किती अपंगत्व आहे. सिव्हिल हॉस्पिटलचं पहिलं सर्टिफिकेट, एक्स-रे, ऑपरेशनची कागदं, डॉक्टरची साक्ष. हात वर होत नाही म्हणता ते ट्रायलमध्ये डॉक्टरच्या तोंडून आलं होतं का? आलं नसेल तर काम अवघड आहे, आलं असेल तर तिथनंच सुरुवात करा. सरकारनंही अपील करावं म्हणून जिल्हा सरकारी वकिलांकडं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, तोंडी विचारलेल्याला लोक तोंडीच नाही म्हणतात. फक्त एक लक्षात ठेवा, सरकारनं शिक्षा वाढवायला अपील केलं की त्याच अपिलात आरोपीला "मला सोडाच" म्हणून भांडायची मुभा मिळते.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझे लूम आहेत, चेक बाऊन्सच्या केसमध्ये मॅजिस्ट्रेटनं ६ महिने आणि रक्कम भरायला सांगितलं, सेशन्सला अपील फेटाळलं. आता हायकोर्टात दुसरं अपील करायचं का?

दुसरं अपील नसतं. हायकोर्टात रिव्हिजन, मुदत ९० दिवस, आणि तिथं साक्षीपुरावा परत पहिल्यापासून तोलत नाहीत, खालच्यांनी कायद्याची मोठी चूक केली का एवढंच बघतात. चेकवर सही तुमची, सूत घेतल्याची बिलं तुमच्या नावावर, मग चूक कुठनं काढणार? चेकची केस कुठल्याही टप्प्यावर मिटवता येते, हायकोर्टात सुद्धा. समोरच्या व्यापाऱ्याला पण तुम्हाला जेलमध्ये बघण्यापेक्षा त्याचे पैसे पाहिजेत. सेशन्सला अपील करताना जी २० टक्के रक्कम भरायला लावली असेल ती धरून बाकी किती होते ते काढा आणि त्याला हप्ते विचारा, रिव्हिजनची मुदत चालू आहे तोवर.